तळ्याची ओटी

गौरम्मा वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तिनं जे केलं ते ऐकून तुम्ही तिला शिव्या घालणार. आणि शिव्या घालायचा पहिला हक्क होनकेरी गावाचा. त्यांनी तो मनसोक्त वापरून घेतला आहे.

कुंभारीच्या पुढं अक्कलकोटची सडक सोडून आत वळलं की दोन कोसांवर होनकेरी. गाव लहान, तळं मोठं. तळ्याच्या बांधात मोरी आहे, म्हणजे खालच्या शेतांना पाणी सोडायचं दार. त्या दाराची लोखंडी किल्ली तीन पिढ्या एकाच घरात, म्हणून त्या घराला नावच पडलं मोरीवाले. थोरला शिवलिंगप्पा, म्हणजे गौरम्माचा नवरा, तो मोरी बघायचा. धाकटा पंचाक्षरी सोलापुरात गिरणीत, आठवड्यानं घरी यायचा.

किल्ली पुरुषांची असली तरी मान बायकांचा होता. भादव्यात तळं भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की मोरीवाल्यांच्या थोरल्या सुनेनं तळ्याची ओटी भरायची. सुपात खण, हिरव्या बांगड्या, हळकुंड, खारीक, नारळ आणि गावच्या शिवारात पिकणारी पाच धान्यं. पुढं ही एकटी, मागं हलगी, आणि हलगीमागं सगळं गाव. तळ्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून सूप पाण्यावर रितं करायचं. सासूनं केलं, सासूच्या सासूनं केलं, आणि आता अठरा वर्षं गौरम्मा करत होती. बाहत्तरच्या दुष्काळात तळ्याला भेगा पडल्या आणि ओटी चुकली, तर त्या दिवशी ही बाई दाराला कडी लावून रडली होती. घरात दाणा नव्हता त्याचं तिला एवढं वाटलं नाही. वर्षातून एक घटका सगळं गाव तिच्या पाठीकडं बघायचं, आणि उरलेलं वर्ष ती त्या एका घटकेवर काढायची.

तर, दुष्काळी कामात तळ्याचा गाळ उपसला गेला. पुढच्या पावसाळ्यात तळं भरलं ते असं नितळ की तळाचे खडे दिसावेत. ऊन तळापर्यंत पोचायला लागलं आणि तळातून हिरवं उगवायला लागलं. वरून बघाल तर काही नाही. पाय घातला की गुंता. पहिल्या वर्षी कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या वर्षी चिमाबाई धनगरणीचं कोकरू पाणी प्यायला उतरलं, पाय अडकले आणि तिथंच गेलं. मग मोरीच्या तोंडाशी गुंत्याचा बोळा बसायला लागला, आणि तळं भरलेलं असून खालच्या शेतातला जोंधळा वाळायला लागला.

आता तळं म्हणजे मोरीवाल्यांचं, आणि मोरीवाल्यांची थोरली म्हणजे गौरम्मा. ती काय गप्प बसणार? पदर खोचला, वीस बायका गोळा केल्या, प्रत्येकीच्या हातात विळा दिला आणि उतरली पाण्यात. “शेवाळ ते शेवाळ! कापा की सरळ!”

एकटीच बाई विळा न घेता काठावर उभी राहिली. काशम्मा, पंचाक्षरीची बायको, गौरम्माची धाकटी जाऊ. दुधनीकडची मुलगी, सातवी पास, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. बोलायची कमी, त्यातलं निम्मं कानडीत.

“अक्का, इळा नगं,” ती हळूच म्हणाली. “कापलं की वाढतंय हे. आमच्या म्हायारचं तळं असंच गेलं.”

“तुमच्या म्हायारचं गेलं म्हणून आमचं जातंय व्हय ग?” गौरम्मा पाण्यातून ओरडली. “लगीन होऊन आलीस त्याला वरीस न्हाय झालं. हे तळं मी तू जन्मायच्या आधीपासनं बघतीया!”

हे काही खरं नव्हतं, पण बायका हसल्या. काशम्मा खाली बघून घरी गेली. संध्याकाळपर्यंत घाट मोकळा झाला, आणि गौरम्मा ओल्या लुगड्यानिशी गावातून मुद्दाम लांबच्या वाटेनं घरी आली.

पुढच्या वर्षी दुप्पट आलं. तिनं पुन्हा कापलं. त्याच्या पुढच्या वर्षी तळ्याच्या निम्म्या भागात बाईमाणसाला बुडी मारता येईना. तेव्हा कुठं गावानं अर्ज केला आणि शहात्तर सालच्या माघात सोलापूरहून एक साहेब जीप घेऊन आले.

साहेब बरा माणूस होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला, मूठभर हिरवं उपटून वर आणलं आणि पायरीवर ठेवलं. “हे काय आहे, सांगता येईल कुणाला?”

“शेवाळ,” गौरम्मा पुढं होऊन म्हणाली. दुसऱ्या कुणी बोलायचा प्रश्नच नव्हता.

“बाई, यात तीन जाती आहेत.”

 तेव्हा मागून, बायकांच्या घोळक्यातून, काशम्मा आली. डोक्यावरचा पदर नीट केला, पायरीवर उकिडवी बसली आणि त्या ओल्या ढिगातून भाजी निवडावी तसं एकेक वेगळं करायला लागली.

“ही फितीसारखी लांब, ही बरी हाय. गुरं खात्यात. ही चोळून बघा, लसणागत वास येतोय. हाताला खर लागती, वाळली की चुन्यागत पांढरी. हिला काढायचं न्हाय, ही पाणी नितळ ठेवती.” मग तिसरी काडी तिनं चिमटीत धरून सर्रकन ओढली. “आन ही. करवतीगत लागती बघा बोटाला. एका पेराला चार-पाच पानं, गोल बसल्याली. ही वैरीण. हिचा बोटाएवढा तुकडा पाण्यात ऱ्हायला तर त्याचं झाड होतंय. आन खाली चिखलात हिचे गड्डे असत्यात, हरभऱ्याएवढे. ते हायत तवर वरचं कितीबी कापा.”

साहेब तिच्याकडं बघतच राहिला. “कुठं शिकलात हे?”

“आमचं तळं मेलं, तितं,” काशम्मा म्हणाली.

“अगदी बरोबर आहे हे. मग इथं विळ्यानं कापलं कुणी?”

आता चिमाबाईचं तोंड म्हणजे गावची हलगी. ती कशाला थांबते! “ह्या की सायेब! आमच्या गौरम्मा! दोन वर्सं!”

साहेबाला हसू आवरेना. “अहो बाई, तुम्ही कापलं नाहीत. तुम्ही तर लावणी केलीत!”

गाव हसलं. नुसतं हसलं नाही, पोट धरून हसलं. शिवलिंगप्पासुद्धा मिशीत हसला, आणि ते गौरम्माला दिसलं.

त्या दिवशी तिच्या पोटात जी आग पडली ती विझली नाही. काशम्मा तेवढी हसली नव्हती, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. हसली असती तर झिंज्या तरी धरता आल्या असत्या. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही! काल आलेली पोर, आणि साहेब तिचं बोलणं कागदावर लिहून नेतो! जाताना जीपमधून हात करतो, तो तिला!

आणि मग सुरू झालं, “काशम्माला विचारा.” मोरी कधी उघडायची? काशम्माला विचारा. चिखल किती खणायचा? काशम्माला विचारा. शिवलिंगप्पानं वीस वर्षांत बायकोला भाजी कसली करू एवढंसुद्धा विचारलं नव्हतं, पण आता चहाची बशी हातात धरून तो ओसरीवरून आवाज द्यायचा, “अगं, काशम्माला विचार की, उद्या किती माणूस लागंल?” गौरम्मा आत चुलीपाशी फुंकणी आपटायची. काशम्माची भाकरी तिला कच्ची लागायला लागली. काशम्माचं चालणं ठुमकत वाटायला लागलं. तिच्या न्हाण्याला पाणी जास्त लागतं, ती दळण भरड दळते, ती कानडीत बोलते ते आपल्याविषयीच बोलते. खोट काढायला बसलं तर माणसाला काय कमी पडतं!

चैत्रात साहेबाच्या परवानगीनं मोरी पूर्ण उघडली आणि तळं आटवलं. मधल्या डोहात पाणी उरलं, त्यात दोन्ही काठांनी माणसं उभी करून बाभळीच्या काटेरी फांद्या बांधलेला दोर ओढायचा. हिरवं मुळासकट उपटून यायचं. मागून चार बायका जुनं लुगडं पसरून सुटलेला तुकडान् तुकडा गाळून काढायच्या. काढलेलं बांधाच्या पलीकडं, पाणी परत नेणार नाही अशा ठिकाणी वाळवायचं. मग कोरड्या पडलेल्या चिखलात वीतभर खणून गड्डे वेचायचे. मळकट पांढरे, बोटात धरले की टणक. प्रत्येक बाईच्या कमरेला एक डबा, आणि संध्याकाळी सगळे डबे चुलीच्या जाळात रिते. चिमाबाईला तर काशम्मानं सांगून ठेवलं, लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवायची तर दुसऱ्या तळ्यावरनं आल्या आल्या हितं उतरवू नगा. लोकरीत तुकडा अडकून येतोय, आधी वाळू द्या, विंचरून घ्या. चिमाबाई, जी आपल्या सासूचं ऐकत नव्हती, तिनं हे ऐकलं.

गौरम्मा या सगळ्यात होती, पण बळंच. एक दिवस काशम्मा तिच्याजवळ आली. “अक्का, तुमी उनात नगा थांबू. मोरीखालचा हौद तेवढा तुमी बघा. घराजवळ हाय, सावली हाय.”

मोरीतून पाणी पडतं तिथं खाली दगडी हौद होता, मोरीवाल्यांच्या परड्याला लागूनच. काशम्मानं भलं म्हणून सांगितलं. गौरम्माच्या कानात ते वेगळंच गेलं. गाव तळ्यात, आणि मला हौद? म्हातारी म्हणून कोपऱ्यात बसवती व्हय मला?

“बघते,” ती म्हणाली. आठ दिवसांनी काशम्मानं विचारलं तेव्हा म्हणाली, “झाला.” हौदाकडं ती फिरकलीसुद्धा नव्हती.

दोन महिने गाव राबलं. मग पाऊस झाला, श्रावण गेला, भादव्यात तळं भरलं. सांडव्यावरून पाणी पडलं त्या दिवशी सगळे बघायला गेले. खाली लसणी वासाची ती खरखरीत झुडपं तेवढी इथंतिथं, बाकी तळ मोकळा. चिमाबाईची मेंढरं पोटाएवढ्या पाण्यात शिरून प्यायली आणि एकेक करून सुखरूप बाहेर आली. खालच्या शेतांत मोरीचं पाणी सहा वर्षांत गेलं नव्हतं इतक्या जोरात गेलं.

दोन दिवसांनी शिवलिंगप्पा बसवण्णाच्या देवळातून बैठक उरकून आला. पटका खुंटीला अडकवला आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, “यंदा ओटी काशम्मानं सोडायची ठरलंय.”

तव्यावर भाकरी होती. ती तशीच राहिली.

“कुणी ठरवलं?”

“गावानं.”

“आन तुमी?”

“मी काय गावाभाईर हाय?” मग आवाज उतरवून म्हणाला, “अगं, तळं तिनं वाचवलं की. एका वर्साचं तर हाय. सूप तू भर, सोडायला ती. भाकर बघ, करपली.”

गौरम्मानं भाकरी उलटली. तोंडातून शब्द काढला नाही. शब्द काढला असता तर रडू आलं असतं, आणि काशम्मा पलीकडच्या खोलीत होती. एका वर्षाचं म्हणे! मान कधी एका वर्षाचा असतो? एकदा सुपाला तिचा हात लागला की झालं. पुढच्या वर्षी म्हणतील, गेल्या वर्षी धाकटीनं सोडली, तळं कसं छान राहिलं, सोडू दे की तिलाच. आणि ही अठरा वर्षांची पाठ उभी राहणार मागं, घोळक्यात, चिमाबाईच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नाही असं बघून ती मोरीखालच्या हौदावर गेली. कशाला गेली ते तिलाही धड ठाऊक नव्हतं, किंवा होतं. हौदात हिरवं दाटून आलं होतं. एक काडी चिमटीत धरून ओढली. करवत. मग ती आत उतरली आणि पायाच्या बोटांनी चिखल चाळवला. दहा मिनिटांत ओंजळ भरली. मळकट पांढरे, टणक, हरभऱ्याएवढे.

तिला कळत नव्हतं असं म्हणू नका. दोन महिने तिनंही ते वेचले होते. एकेका गड्ड्यापासून काय होतं हे तिला साहेबाइतकंच ठाऊक होतं. चिमाबाईची कोकरं ठाऊक होती, खालचा जोंधळा ठाऊक होता, त्या जोंधळ्यात तिच्याच घरचे चार एकर होते हेही ठाऊक होतं. पण जळणारं डोकं पुढचं बघत नाही. तिला एवढंच दिसत होतं की सूप रितं करणारा हात काशम्माचा असेल. तळं पुन्हा हिरवं होईल तेव्हा गाव म्हणेल, धाकटीच्या हाताला यश नाही बाबा. थोरली सोडत होती तेच बरं होतं. थोरली सोडत असतानाच तळं बिघडलं होतं, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

ओटीच्या सकाळी तिनं सूप भरलं. जोंधळा, गहू, तूर, मूग, हरभरा. हरभऱ्यात ती ओंजळ मिसळली, हातानं चाळून एकजीव केली. वर हिरवा खण पसरला, खणावर बांगड्या, नारळ, पानं. सूप असं सजलं की काशम्मा बघून म्हणाली, “अक्का, किती छान भरलंय!” आणि वाकून तिच्या पाया पडली. गौरम्मानं तोंडातल्या तोंडात काहीतरी आशीर्वाद दिला.

हलगी वाजली. काशम्मा पुढं, डोक्यावर सूप, अंगावर लग्नातली हिरवी इरकल साडी. मागं गौरम्मा, हातात आरतीचं ताट. तिच्या मागं गाव. एवढी वर्षं ज्या वाटेनं ती पहिली चालली त्या वाटेनं आज दुसरी चालत होती, आणि पुढं त्या पोरीची पाठ. सरळ, हिरवीगार, सगळ्या गावाची नजर झेलत चाललेली. जळली हो गौरम्मा! पायरीपर्यंत जाईस्तोवर नुसती जळत गेली. आता टाक, मनात म्हणत होती, टाक एकदाची.

काशम्मा शेवटच्या पायरीवर उभी राहिली. सूप डोक्यावरून उतरवून हातात घेतलं. हलगी थांबली. आणि ती पोरगी पाण्याकडं पाठ करून वळली.

“मी तळ्यातलं गवत काढलं,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.  एवढ्या माणसांपुढं ती आयुष्यात बोलली नव्हती. “पर अठरा वर्सं तळं सांभाळलं ते अक्कानं. मान अक्काचा हाय. तगोळ्री, अक्का.” आणि सूप तिनं गौरम्मापुढं धरलं.

गावात एकच कल्लोळ उठला. चिमाबाईनं डोळ्याला पदर लावला. शिवलिंगप्पाच्या छातीत हवा भरली. असली सून, असलं घर! कुणीतरी गौरम्माच्या हातातलं ताट काढून घेतलं. सूप तिच्या हातावर आलं.

समोर तळं. खाली, नितळ पाण्यात, दोन महिने गावानं बोटांनी चाळलेला चिखल. मागं तिला हवं होतं ते सगळं गाव, तिच्या पाठीकडं बघत. मागितलं तेच मिळालं होतं, आणि हात पुढं होईना.

सोडावी तर आपल्याच हातानं तळ्यात वैरीण पेरायची. परत द्यावी तर ही वेडी पोर सोडणार. आत काय आहे ते सांगावं तर कुणी घातलं तेही सांगावं लागणार. “सोडा की अक्का,” काशम्मा हळूच म्हणाली. हलगीवाल्यानं काडी उचलली.

गौरम्मा मटकन पायरीवर बसली. मांडीवर पदर पसरला, आणि सूप पाण्यात न सोडता स्वतःच्या पदरात रितं केलं. नारळ घरंगळून पाण्यात गेला, बांगड्या पायरीवर फुटल्या. तिनं पदराची टोकं गोळा केली आणि गाठ मारली, घट्ट, दातांनी ओढून.

कुणाला काही कळेचना. देवाच्या ओटीला माणसानं हात लावायचा नसतो, आणि ही गंगेची ओटी पदरात बांधून बसली!

“अगं बया, गंगेच्या तोंडचा घास!” चिमाबाई किंचाळली. “हावरट! अठरा वर्सं सोडलीस, एक वर्स दुसरीच्या हातात गेली तर ओटीच गिळलीस व्हय?”

“गौरे!” शिवलिंगप्पाचा चेहरा काळाठिक्कर पडला. “सोड. सोड ती ओटी!”

“न्हाय.” तिनं गाठ दोन्ही मुठींत पोटाशी धरली. “माझी हाय ती. न्हाय सोडणार.”

मग शिव्या सुरू झाल्या. जळकुकडी, अवदसा, आपल्याच घरावर जळणारी. नवऱ्यानं दंड धरून ओढलं, ती उठली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मूठ सुटत नव्हती.

काशम्मा तेवढी खाली बघत होती. ओल्या पायरीवर चार दाणे सांडले होते. दोन जोंधळ्याचे, एक तुरीचा, आणि एक मळकट पांढरा. दोन महिने ते वेचणारे डोळे. त्यांना काय शिकवायचं? तिनं त्या दाण्याकडं बघितलं, गाठीकडं बघितलं, आणि मग गौरम्माच्या तोंडाकडं. गौरम्मानं डोळे मिटून घेतले. आता ही बोलणार.

काशम्मानं एक पाऊल पुढं टाकलं आणि टाचेखाली तो गड्डा दगडावर चिरडला. दोनदा.

“अक्काला बरं न्हाय,” ती म्हणाली. “मी घरी नेते. चिमाबाई, तुमच्या घरनं दुसरं सूप भरून आणा. तवर थांबा समदी.”

घरी आल्यावर तिनं दार लावलं. चुलीत जाळ केला. गौरम्मानं गाठ सोडायचा प्रयत्न केला, पण ती सुटेना; शेवटी काशम्मानं विळ्यानं पदराचं टोकच कापलं आणि धान्य, गड्डे, खण, सगळं चुलीत ढकललं. आतून तडतड आवाज आला.

“कुटनं आणले?”

“हौदातनं.”

“झाला म्हणाला होता की तुमी.”

 काशम्मा परत तळ्यावर गेली, चिमाबाईच्या सुपातली ओटी सोडली, परत आली, इरकल साडी बदलली, कोनाड्यातलं खुरपं आणि डबा घेतला. “चला,” म्हणाली.

दोघी हौदात उतरल्या. मांडीपर्यंत चिखल. काशम्मा मुळापासून उपटत होती, गौरम्मा बोटांनी चिखल चाळत होती. डबा निम्मा भरला.

“मला शिव्या तर घाल की ग,” शेवटी गौरम्मा म्हणाली.

“हात चालवा अक्का,” काशम्मा म्हणाली. “गड्डे लई हायत.”

त्या दिवसानंतर ओटीचा मान काशम्माकडं गेला तो कायमचा. बसवण्णाच्या देवळात ठरवायलासुद्धा बसावं लागलं नाही. पायरीवर काय झालं ते गाव अजून सांगतं, पण का झालं ते त्यांना ठाऊक नाही. काशम्मानं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. सूप हातात द्यायच्या आधी तिला काही कळलं होतं की काय, हे गौरम्माला कधी विचारवलं नाही.

आणि गौरम्माचं जळणं गेलं का? छे हो! ते कुठं जातंय? दर भादव्यात ती घोळक्यात उभी राहते, चिमाबाईच्या शेजारी, आणि पुढच्या त्या पाठीकडं बघून पहिल्यासारखीच जळते.

फक्त एक होतं. दर वर्षी शेवटच्या पायरीवर गेली की काशम्मा थांबते, मागं वळते, खण बाजूला करून सूप गौरम्मापुढं धरते आणि म्हणते, “अक्का, बघा एकदा.” मग सगळ्या गावासमोर गौरम्मा पुढं होते आणि पाचही धान्यांतून हात फिरवते, सावकाश, तळापर्यंत, एकेक हरभरा बोटांना लागेल असा. “सोड,” म्हणते, तेव्हाच ओटी पाण्यात पडते.

बघणाऱ्या बायका म्हणतात, धाकटी किती गुणाची! एवढं होऊनसुद्धा थोरलीचा मान राखते.

गौरम्मा मान खाली घालून ऐकून घेते.